चिंचोके आणि वजने

व्यापारी घरांतील मुलांकडून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेण्याची रीत फार जुनी नाही. त्या घोकंपट्टीवर तयार झालेली पिढी पेढीवर बसल्या बसल्या तोंडी व्याज काढीत असे. आता ते काम खिशातील मोबाईल करतो आणि त्याचा फार खेद करण्याचे कारणही नाही. मात्र पाढ्यांबरोबर आणखी एक सवय निसटू लागली आहे. समोरच्याची चाल येण्यापूर्वी तिचा विचार करून ठेवण्याची. ती लावण्याचे साधन अजूनही फुकट मिळते. मूठभर चिंचोके पुरतात.

वर्गातील दोन मुलांपुढे २१ चिंचोके ठेवावेत. आळीपाळीने प्रत्येकाने एक, दोन किंवा तीन उचलावेत. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती येईल तो जिंकला. पहिले काही डाव मुले नशिबावर खेळतात. मग कोणीतरी, पुष्कळदा पाढ्यांत मागे असलेलेच एखादे मूल, मध्येच थबकते. चार उरले असताना पाळी समोरच्याची असेल तर तो हरलाच. त्याने कितीही उचलले तरी राहिलेले सारे आपल्यालाच मिळतात, हे त्याच्या ध्यानात येते. चार उमगले की आठ उमगतात, आठांवरून बारा. अखेर पहिल्याने एकच उचलून २० मागे ठेवले तर सारा डाव त्याच्या मुठीत राहतो, असे दिसून येते. शेवटाकडून आरंभाकडे येण्याची ही विचारसरणी, हुंडीच्या मुदतीपासून मागे मोजत रकमेची तजवीज करणाऱ्या व्यापाऱ्याला अपरिचित नव्हती.

येथेच शिक्षकाचा कस लागतो. युक्ती फळ्यावर लिहून दिली तर पाच मिनिटांत सर्वांना येते आणि खेळ तेथेच मरतो. न सांगावी तर तास निघून जातो, अभ्यासक्रमातील धडा मागे पडतो आणि ‘शाळेत चिंचोके खेळता काय?’ असा प्रश्न घरून येतो. तो प्रश्न गैर नाही. शुल्क भरणाऱ्याने हिशेब मागावाच. पण चुकीच्या उत्तराच्या धास्तीने कधीच हात वर न करणारी मुलगी जेव्हा तीनदा हरून चौथ्यांदा ‘थांबा, मला कळले’ म्हणते, तेव्हा त्या तासाचे मोल परीक्षेच्या गुणपत्रिकेत मांडता येत नाही. तिच्या तोंडचे ते वाक्य शिक्षकाने घाईने हिरावून घेऊ नये. उत्तर केवळ पाठ करणाऱ्यांसाठी एक साधा उपाय आहे. शेवटचा चिंचोका उचलेल तो हरला, असा नियम करावा. आता त्याच २१ चिंचोक्यांवर पहिला खेळणारा अडचणीत येतो आणि पाठांतर उघडे पडते.

एक सावधगिरी मात्र हवी. युक्ती जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याशी पैसे लावून हा डाव मांडला, तर त्याला खेळ म्हणता येणार नाही.

कोड्यांचा आणि व्यापाराचा संबंध पुरातन आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त वाटेत पैशांची थैली सापडलेले तीन व्यापारी आहेत. पहिला म्हणतो, ही थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून रकमेच्या दुप्पट माझ्याजवळ होईल. दुसरा म्हणतो तिप्पट, तिसरा पाचपट. थैलीत १५ आणि तिघांजवळ अनुक्रमे १, ३ व ५ असे धरले तर सर्वांचे बोलणे खरे ठरते.

वजनांचे कोडे तर दुकानातच जन्मल्यासारखे वाटते. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मधील ग्रंथात ते दिले आणि फ्रान्सच्या बाशेने १६१२ मध्ये आपल्या कोड्यांच्या पुस्तकात घेतले. एक ते चाळीस शेरांपर्यंतचे प्रत्येक पूर्ण वजन तोलायचे, तर कमीत कमी किती वजने लागतील? वजने एकाच पारड्यात ठेवायची असल्यास सहा: १, २, ४, ८, १६ व ३२. दोन्ही पारडी वापरता आली तर अवघी चार पुरतात: १, ३, ९ व २७. पाच शेर हवे असल्यास एका पारड्यात ९ आणि दुसऱ्यात मालाबरोबर ३ व १. वीस शेरांसाठी २७ व ३ एकीकडे, माल, ९ व १ दुसरीकडे. चाळीस शेर म्हणजे एक मण. चार वजनांत अख्खा मण!

मग दुकानदारांनी ही वजने का वापरली नाहीत? जुनी मापे शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी निम्म्यानिम्म्याने उतरत गेली. १९५६ च्या कायद्यानंतर किलो आले तेही १, २, ५ अशा टप्प्यांनी. मालाच्या पारड्यात वजन टाकताच गिऱ्हाईकाची नजर बदलते, हेच त्याचे खरे कारण असावे. सर्वांत कमी वजनांचा संच सर्वांत विश्वासाचा असतोच असे नाही. हा मुद्दा गणिताच्या पुस्तकात येत नाही. किराणा दुकानातील मुलगा तो वर्गात आपणहून सांगू शकतो.

एका पारड्याची ती वजने पुढे अनपेक्षित ठिकाणी भेटतात. ढिगांच्या खेळात कोणत्याही एका ढिगातून हवे तितके चिंचोके उचलता येतात आणि शेवटचा उचलणारा जिंकतो. हार्वर्डच्या चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये त्याची उकल प्रसिद्ध केली व त्यास ‘निम’ हे नाव दिले. प्रत्येक ढीग १, २, ४, ८ अशा वजनांत फोडावा आणि प्रत्येक वजनाची जोडी जमेल अशी चाल करावी. ३, ४ व ५ चे ढीग असतील तर ३ म्हणजे २ व १, ४ म्हणजे ४, ५ म्हणजे ४ व १. चारांची जोडी आहे, एकांची आहे, दोन तेवढा एकटा आहे. पहिल्या ढिगातून दोन उचलले की काम झाले.

५, ७ आणि ९ चे ढीग असतील तर पहिली चाल कोणती, हे घरातील मुलांना विचारून पाहावे. उत्तर येथे दिलेले नाही.