शंका आणि प्रश्न

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने देवीची लस घेतली नाही, त्यांनी ‘देवी काढल्या’. रोगाचे नाव देवी आणि त्यावरच्या उपायाचेही नाव देवी. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. १९७५ साली देशातला देवीचा अखेरचा रुग्ण आढळला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत भाषेने त्या भयाला घरात बसायला पाट दिला, असे म्हणता येईल. ज्याला नाव आहे त्याच्याविषयी ओटीवर बसून बोलता येते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मराठीने असा पाट अजून दिलेला नाही. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. तरीही आमच्या खानदेशात, धुळ्याच्या दवाखान्यात काय किंवा यावल-रावेरच्या केळीच्या बागेत काय, बायका ‘अंगावरून जातं’, ‘पिशवीचं दुखणं’, फार तर ‘मोठं दुखणं’ एवढेच म्हणतात. पाठ्यपुस्तकातला शब्द संस्कृत, दवाखान्यातला इंग्रजी, आणि बोलीतला एक तर शिवी किंवा मौन! सुझन सोन्टॅगने १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’मध्ये रोगावर चढणाऱ्या रूपकांचे ओझे दाखवून दिले. आमच्याकडे अडचण उलटी आहे. इथे रोगाला रूपकच काय, साधे नामही मिळालेले नाही.

हे सारे लिहिण्याचे निमित्त राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराचे. साक्री तालुक्यातील एका गावात महिला मेळाव्याला आलेल्या डॉक्टर बाई एचपीव्हीच्या लसीविषयी बोलल्या. “काही शंका?” असे त्यांनी विचारले, तेव्हा सभा गप्प. मग आमच्या विद्यार्थिनींनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे म्हणणे कानात ऐकून लिहून घेतले, आणि बिस्किटांचा रिकामा डबा भरून गेला. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. साहित्याच्या अध्यापकाला संहिता म्हणून वाचाव्याशा वाटतील, अशाच त्या आहेत.

सर्वाधिक चिठ्ठ्यांचा विषय एकच होता. एकीने तो अहिराणीत विचारला होता : “आंडेरले पुढे पोरं व्हतीन ना?” डॉक्टर बाईंचे उत्तर स्पष्ट होते. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याचे जनुकद्रव्यही नसते. असते ते त्याच्या बाह्य कवचासारखे प्रथिन. तिने संसर्ग होत नाही, आणि वंध्यत्व येते याला कोणताही पुरावा नाही. दंड दुखतो, थोडा ताप येतो, क्वचित एखाद्या मुलीला घेरी येते. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. उत्तर वैद्यकाचे होते, प्रश्न मात्र समाजाचा होता. मूल न होणाऱ्या सुनेचे काय होते, हे त्या चिठ्ठीमागच्या हाताला ठाऊक होते.

दुसरा प्रश्न वयाचा : “नऊ-दहा वर्षांच्या पोरीला हे आत्ताच कशाला?” शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूपासून संरक्षण त्याच्याशी गाठ पडण्यापूर्वीच मिळाले पाहिजे, म्हणून ९ ते १४ हे वय सांगितले जाते. शिवाय या वयात शरीराचा प्रतिसादही अधिक जोमदार असतो. पण ‘शरीरसंबंध’ हा शब्द उच्चारताच सभेत पदर तोंडाला लागले. पाठोपाठ तिसरी चिठ्ठी आलीच : “ही लस चांगल्या घरच्या मुलींना लागते का?” हा विषाणू इतका सर्रास आढळतो की लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यापैकी काहींना पुढे कर्करोग होतो. एकनिष्ठ पत्नीलाही तो नवऱ्याकडून मिळू शकतो. चारित्र्याचा दाखला त्याला लागत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली ती मुलींइतकीच मुलांसाठीही, हे ऐकून मागच्या रांगेतले दोन शिक्षक सावरून बसले.

चौथा प्रश्न स्वतःसाठी होता, आणि तो अगदी एका कोपऱ्यात लिहिलेला : “माझं वय चाळीस. मी काय करू?” झालेला संसर्ग लस बरा करीत नाही. तिशीनंतर तपासणी हाच मार्ग, आणि लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ती करायचीच आहे.

या प्रश्नांना आपण ‘गैरसमज’ म्हणतो. फलकांवर ‘शंका-समाधान’ असे छापतो. शंका म्हणजे किंतु, आणि समाधान झाले की ती मिटली असे गृहीत. प्रश्नाचे तसे नसते. प्रश्न विचारणारा उत्तराचा हक्क सांगतो.

उत्तरे मिळाल्याने काय घडते, हे महाराष्ट्रात पूर्वीच दिसलेले आहे. बार्शीला १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदीसाठी गावोगाव जाणारे कार्यकर्ते लोकांशी लक्षणांविषयी बोलत राहिले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया अधिक लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळले. मात्र त्यातल्या एका गटाची तुलनेसाठी तपासणीच केलेली नव्हती, आणि त्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. जगाच्या ज्ञानात त्या बायकांचाही वाटा आहे.

संमतीचा प्रश्न लसीच्या बाबतीत अधिक तीव्रतेने पुढे आला. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१०मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आदिवासी वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या, हेही उघड झाले. त्याच सुमारास देशात या लसीचा आणखी एक अभ्यास चालू होता, आणि पुणे व बार्शी ही त्याची केंद्रे होती. तिथलेही लसीकरण थांबले, आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्याकडे पाहत राहिल्यावर, २०२१ साली, एक मात्राही उत्तम संरक्षण देते असे दिसून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या पुराव्याचाही आधार होता.

लस चांगली निघाली म्हणून ती सही योग्य ठरत नाही. सही चुकीची होती म्हणून लस वाईट ठरत नाही. ही दोन विधाने एकत्र पेलणे हाच खरा विवेक, असे मला वाटते. साक्री-शिरपूरच्या आणि यावल-चोपड्याच्या आश्रमशाळांत शेकडो मुली आईपासून दूर राहून शिकतात. तिथे लस पोहोचलीच पाहिजे; पण तिच्याआधी त्या मुलीच्या आईपर्यंत, तिच्या बोलीत, उत्तर पोहोचले पाहिजे. अहिराणीतून, पावरीतून, भिलीतून या रोगाला नाव देण्याचे काम डॉक्टरांचे नाही. ते तुमचे-माझे, भाषा शिकवणाऱ्यांचे आहे. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने “ही लस नेमकी कुठल्या अवयवासाठी?” असे विचारले, तेव्हा मी ‘गर्भपिशवीचं तोंड’ असे म्हणाले. तिने मान डोलावली आणि दंड पुढे केला. तिच्यापुरता तो शब्द पुरला.