वेध

महाविद्यालयात आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला की मराठी विभागाच्या वाट्याला दोन कामे येतात: सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघे गेली सोळा-सतरा वर्षे मराठी शिकवतो आहोत, आणि ही कामे आलटूनपालटून, फारसे न कुरकुरता करीत आलो आहोत. दुर्बीण भौतिकशास्त्राची, शब्द आमचे, अशी ही श्रमविभागणी. २८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ती मोडली आणि तिच्याबरोबर आमच्या टिपणांतली एक जुनी रेघही पुसली गेली.

त्या रात्री कोजागिरी होती आणि खंडग्रास चंद्रग्रहणही. ग्रहणाचा स्पर्श मध्यरात्रीनंतर एक वाजून पाच मिनिटांनी. चंद्रबिंबाच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला जाणार, तोही सुमारे सव्वा तासच. दोन महिन्यांपूर्वी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ उतरताना पाहून ज्या मुलामुलींनी सभागृह डोक्यावर घेतले होते, त्यांनीच गच्चीवरच्या निरीक्षणाचा आग्रह धरला. अडचणी दोन होत्या. रात्री अडीचपर्यंत थांबायला मुलींना घरून परवानगी कशी मिळणार? आणि कोजागिरीच्या दुधाचे काय? पहिली अडचण मुलींनीच सोडवली. त्या आयांना घेऊन आल्या. काही जणी तर थेट भुलाबाई आटोपून, खिरापतीच्या डब्यांसह. दुसरी मात्र सुटेना, कारण दुपारपासूनच वेध लागले होते.

‘वेध’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. ग्रहणापूर्वीचा, खाणेपिणे वर्ज्य करण्याचा काळ म्हणजे वेध. आणि आकाशस्थ ज्योतींची स्थाने न्याहाळणे, मोजणे म्हणजेही वेधच. म्हणून तर वेधशाळा. शिवाय एखाद्या गोष्टीची मनाला ओढ लागली की तिचेही वेध लागतात. निषेध, निरीक्षण आणि ओढ अशा तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदवणाऱ्या आपल्या भाषेचे आम्हांला त्या संध्याकाळी फार कौतुक वाटले. सूत्रसंचालनात आम्ही त्यावर कोटीही केली. तिच्याकडे पुढे परत येऊ.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि अध्यक्षीय भाषण एवढे होईतो शनी पश्चिमेकडे बराच कलला होता. पौर्णिमेच्या लख्ख उजेडात तारे फिके पडतात. चंद्रावरचे डाग, त्याच्या शेजारीच आलेला गुरू आणि त्याचे उपग्रह पाहून रांग दोनदा फिरली, तरी घड्याळात अकराच वाजले होते. तेव्हा भौतिकशास्त्राचे सहकारी आमच्याकडे वळून म्हणाले, “आता तुम्ही सांभाळा.”

पिशवीत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा होती. तिचेही एक गमतीचे प्राक्तन आहे. आमच्या गावातली जी मुले केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकतात त्यांना ती अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून भेटते. मराठीतून तिची गाठ पडतेच असे नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून गेली असती तर १७६१ नंतरचा इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, ही तिची कल्पना. त्या दुसऱ्या वाटेवरच्या मुंबईत भरकटलेल्या गंगाधरपंतांना एका सभेत व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. जन्मभर अध्यक्षपदे भूषवलेल्या या गृहस्थाला राहवत नाही आणि तो जाऊन बसतो. पण त्या जगात लोकांनी अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढलेली असते! आम्ही हा भाग वाचला तेव्हा गच्चीवर जो हशा पिकला, तो निव्वळ साहित्यिक नव्हता. आमचे अध्यक्ष नुकतेच घरी गेले होते.

मराठी विज्ञानकथेचे पाणी मुळात अशा मेळाव्यांतूनच वाहिले, हे आम्ही मग सांगितले. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४ मध्ये तिच्यात ‘कृष्णविवर’ ही कथा आली, नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून केलेली ही युक्ती. बक्षीस पहिले मिळाले. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीची कथा लिहिणाऱ्याच्या बाबतीत असे घडावे, हा योग विलक्षणच.

कथा संपल्यावर एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, “आमच्या घरी त हे रोजच चालते, सर. बावीस जुलैले नाला वावरात घुसला नसता त कापूस कसा राह्यला असता, अन् ऑगस्टात पानी आलं असतं त सोयाबीन कसं झालं असतं. तुमच्या गंगाधरपंतांले एकच पानिपत माहीत आहे.”

कोणी हसले नाही. आमच्या टिपणांत ग्रामीण साहित्य एका घटकात आहे आणि विज्ञानसाहित्य दुसऱ्या; मध्ये ठळक रेघ. विज्ञानकथा ही शहरी, मध्यमवर्गीय, बाहेरून आलेली, हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे उतरवून देत आलो. ज्या घरांत जुलैची अतिवृष्टी आणि ऑगस्टची उघडीप यांच्यामधल्या न घडलेल्या इतिहासाचा हिशेब रोज मांडला जातो, त्या घरांतल्या मुलांना आम्ही ‘जर-तर’ची कथा परकी आहे असे शिकवीत होतो. विश्वासरावांची गोळी आणि तिच्या वावरातला नाला यांत कथेच्या दृष्टीने फरक काय? फरक एवढाच, की तिचा ‘जर’ कोणी लिहिलेला नाही.

बारा वाजता आमच्यापैकी काहींनी दूध घेतले. तिने घेतले नाही. दुधावर तुळशीचे पान ठेवून ती दुर्बिणीच्या रांगेत तीनदा उभी राहिली, चंद्राच्या कडेला लागलेली सावली नीट पाहिली, आणि मोक्षानंतरच पेला तोंडाला लावला. तिने वेध पाळले आणि वेध घेतलाही. आमची संध्याकाळची कोटी डोळ्यांदेखत खरी झाली.

हा लेख इथे संपवता आला असता. पण गच्चीसमोरच्या घरात आमची एक माजी विद्यार्थिनी राहते. पूर्वीच्या निरीक्षणांत दुर्बिणीपाशी सर्वांत जास्त रेंगाळणारी तीच. त्या रात्री ती गरोदर होती. गरोदर बाईने ग्रहण पाहू नये, काही चिरू-कापू नये; खिडक्या बंद होत्या आणि फटीतून दिवा दिसत होता. आम्ही तिकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि पुढचे पान उलटले. निषेध आणि निरीक्षण एका शब्दात नांदतात खरे, पण नांदवायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवता आले तरच. दूध न पिणे ही त्या माउलीची निवड होती. खिडकीआड निवड नव्हती. शब्दाच्या कौतुकात आम्ही हे विसरलो होतो, आणि दार ठोठावण्याइतके धैर्य शब्दांवर जगणाऱ्या आम्हां दोघांतही नव्हते.

७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास ग्रहण झाले. त्याच वर्षी २० मे रोजी नारळीकर गेले होते, म्हणून त्यांची वेगळी एक कथा वाचायचे ठरले होते. आकाशात ढग होते. मधूनच तांबूस चंद्र दिसे आणि जाई. अकराच्या सुमारास ती जिना चढून आली, दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन. मुलीला चंद्र दाखवून झाल्यावर तिने विचारले, “त्या रात्री कोणती गोष्ट वाचली होती, सर? इतके हसू येत होते ऐकू.”

आम्ही पुन्हा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ काढली. अध्यक्षांची खुर्ची या खेपेस आम्ही वर आणलीच नव्हती; तिच्या जागी सतरंजी होती, त्यावर ती बसली.