किड्यांची हजेरी

मास्तरकीत उमर गेली की माणसाला एक खोड जडते. कुठेही गर्दी दिसली, की हजेरी घ्यावीशी वाटते. जत्रेत, लग्नात, फार काय, दिवाळीच्या पणतीभोवतीसुद्धा! त्या ज्योतीवर झेपावणाऱ्यांची नावे विचारा कुणालाही. हिरवे चिमुकले ते तुडतुडे. बाकी सगळे नुसते 'किडे'. नीलवंत फुलपाखरासारखे रूप असले, तर गोष्ट निराळी. त्याला २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. रूप नसलेल्यांना मात्र पटावर जागाच नाही. जगात आजवर सुमारे १० लाख कीटकजातींना नावे मिळाली आहेत, आणि बिननावाच्या त्याच्या कितीतरी पट असाव्यात, असे जाणकार मानतात.

किडा ओळखायचा म्हणजे तो भिंगाखाली धरून मिशा, पंखांच्या शिरा, पायांवरचे केस तपासायचे. असा डोळा तयार व्हायला उभे आयुष्य जाते. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी एक तोड सुचवली. प्रत्येक जिवाच्या पेशीत वंशाची एक पोथी असते, डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली. ती सगळी कशाला वाचता? सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक परिच्छेद तेवढा वाचा. निरनिराळ्या जातींत तो सहसा निरनिराळा असतो. किड्याचा एक पाय मिळाला तरी काम भागते. डब्यावरच्या काळ्या रेघा वाचून दुकानदार माल ओळखतो ना, तसेच हे. म्हणून नावही पडले 'डीएनए बारकोड'.

पुढच्याच वर्षी गंमत झाली. कोस्टा रिकातले एक फुलपाखरू एकाच जातीचे समजले जात होते. बारकोड वाचल्यावर हेबर्ट आणि त्यांचे सहकारी म्हणाले, या दहा जाती आहेत! फुलपाखरे दिसायला सारखी. पण अळ्यांचे रंग वेगळे, ताटातला पालाही वेगळा. नेमक्या दहा की कमी, यावर पुढे पंडितांत वाद झाला. पण एका नावाला अनेकजण 'हजर' म्हणत होते, एवढे खरे.

कुणी म्हणेल, मास्तर, याचा आम्हांला उपयोग काय? नाशिककराने तरी असे विचारू नये. आपण फराळाला बसतो, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणीनंतरची कोवळी फूट असते आणि शेतकरी फवारणीच्या घाईत असतो. त्याच्या वैऱ्यांपैकी एक म्हणजे फुलकिडा, जेमतेम मिलिमीटरभर. मिरचीवर आणि द्राक्षावर पडणारा एक फुलकिडा एकच जात मानला जाई. २०१५ साली डीएनएच्या अभ्यासातून त्यात किमान नऊ जाती दडल्याचे दिसले. सारखे दिसणारे सारखेच वागतील, असे थोडेच आहे? एक ज्या औषधाने मरतो, त्याने दुसरा मरेलच असे नाही. वैऱ्याचे नाव न कळता केलेली फवारणी म्हणजे अंधारात भिरकावलेला दगड. तो मधमाशीलाही लागतो.

आणि दगड लागून कोण गेले, हे तरी कुठे कळते? जर्मनीतल्या राखीव क्षेत्रांत २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तराजूने घट सांगितली; गेलेल्यांची नावे तराजू कशी सांगणार?

तीही यंत्र एकटे सांगू शकत नाही. ते अक्षरे वाचते. पण त्या अक्षरांचा धनी कोणीतरी आधी डोळ्यांनी ओळखून पटावर घातलेला असावा लागतो. नाही तर ती ६५० अक्षरे म्हणजे बिनपत्त्याचे पाकीट.

२०१८ साली अमेरिकेकडची लष्करी अळी कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर सापडली, तेव्हा अंगावरच्या खुणा आणि डीएनए या दोन्हींनी तिची ओळख पक्की झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात शिरली. आज आमच्या वर्गातली मळ्यावरची पोरे तिच्या डोक्यावरचा उलटा 'वाय' आणि शेपटीकडचे चार ठिपके चटकन दाखवतात. डीएनए त्यांच्या गावी नाही. पण पोराने नाव घेतले, की बाप पंप खाली ठेवून आधी पोंग्यात वाकून पाहतो. मॅट्रिक झालेल्या मास्तराला एवढे शास्त्र पुष्कळ वाटते.