डावी काख

४५ दिवसांचं पिल्लू टेबलावर ठेवलं की पाय फाकवून पसरतं. छाती जेमतेम मोसंबीएवढी. स्टेथोस्कोप टेकवला की अर्धी छाती त्याखालीच झाकली जाते. पिल्लू हुंगतं, कुंईकुंई करतं, मालकाची बोटं चाटायला वळतं, आणि त्या सगळ्या गलबल्यात मिनिटाला दीडशेच्या पुढे धावणारं हृदय ऐकायचं असतं. हे काम मी साताऱ्यात ३४ वर्षं करतो आहे. या कामासाठी माझा कान चांगला आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते मनापासून खरं वाटायचं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका पांढरी पॉमेरियन घेऊन आल्या. मादी, वजन ९०० ग्रॅम, नाव छकुली. मी कोपराच्या मागे स्टेथो टेकवला, दहाएक सेकंद ऐकलं, ‘‘छाती स्वच्छ आहे, बाई’’ म्हणालो आणि लस टोचली.

तीन आठवड्यांनी छकुली दुसऱ्या डोसला आली, तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. माझ्या असिस्टंटला शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. तिने दारातून हाक मारली, ‘‘सर, जरा हात लावून बघता का?’’ पिल्लाचा डावा पुढचा पाय हलकेच पुढे ओढून तिने दोन बोटं थेट काखेत घातली होती. मी माझी बोटं तिथे ठेवली. मांजर घुरघुरत असताना त्याच्या गळ्याला हात लावावा तशी थरथर. स्टेथो लावला तर आत पिठाची गिरणी चाललेली. ठोक्याबरोबर चढणारा, मध्ये उतरणारा, पण क्षणभरही न थांबणारा आवाज. सहापैकी पाचव्या प्रतीचा.

मग मी स्टेथो दोन बोटं खाली आणि मागे सरकवला, तीन आठवड्यांपूर्वी टेकवला होता तिथे. गिरणी नाहीशी. प्रत्येक ठोक्यामागे फक्त एक हलकी फुंकर.

ती दोन बोटं तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. गर्भात फुफ्फुसं बंद असतात, म्हणून फुफ्फुसाकडे निघालेलं रक्त एका आडव्या नळीतून महाधमनीत वळतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही नळी, म्हणजे डक्टस, आवळून बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली की रक्त उलटं, महाधमनीतून फुफ्फुसाकडे, सतत गळत राहतं, कारण महाधमनीतला दाब ठोक्याच्या वेळीही जास्त आणि दोन ठोक्यांच्या मधेही जास्तच असतो. म्हणून आवाज थांबत नाही. पण त्याचा न थांबणारा भाग वर, पार काखेत असतो. खाली उतरते ती केवळ फुंकर. आणि तशी फुंकर कित्येक निरोगी पिल्लांतही ऐकू येते, चार-पाच महिन्यांची होईतो आपोआप विरून जाते. म्हणजे जिथे स्टेथो सवयीने टेकतो, नेमकं तिथेच हा आजार निरुपद्रवी होऊन बसतो. उपचार झाला नाही तर यातली निम्म्याहून जास्त पिल्लं वर्षभरात जातात.

कधी आवाज अजिबातच नसतो. फुफ्फुसातला दाब महाधमनीइतका वाढला की प्रवाह मंदावतो, मग उलटतो आणि गिरणी गप्प होते. पळताना मागचे पाय लटपटतात, हिरड्या गुलाबी राहतात, पण शेपटीखालची त्वचा निळी पडते. त्या अवस्थेत नळी बांधताही येत नाही.

छकुलीनंतर मी सरळ वयाला दोष दिला. एकसष्टी झाली, कान गेले, असं घरी सांगून मोकळा झालो. पुण्याला जाऊन कानाची तपासणी करून घेतली. ४००० हर्ट्झच्या वरचं मला खरंच कमी ऐकू येतं. पण हृदयातले आवाज बहुतेक सगळे १००० हर्ट्झच्या खालचे. म्हणजे त्या दिवशी माझा कान शाबूत होता. हातच काखेपर्यंत गेला नव्हता.

तो का गेला नाही, हेही मला माहीत आहे. ‘डॉक्टरांनी नुसता टेकवला आणि सांगितलं’, असं लोक बाहेर बाकावर बसून बोलायचे आणि ते मला दाराआडून ऐकू यायचं. मला ते आवडायचं. काखेत शोधाशोध करणं हे नवख्याचं काम वाटायला लागलं होतं. मालकासमोर दोन मिनिटं पिल्लू धरून ऐकत राहिलं तर आपल्याला कळत नाहीये असं दिसेल, ही भीतीही होती.

मी बाईंना म्हटलं, ‘‘हे मागच्या वेळीच होतं, बाई. माझ्याकडून राहिलं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्ही तर…’’ आणि पुढे बोलल्या नाहीत.

पुण्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, नळी उघडी असल्याचं पक्कं ठरलं. आता मांडीच्या धमनीतून छोटं जाळीदार बूच नेऊन ही नळी बंद करता येते, पण दीड किलोच्या पिल्लाची धमनी त्याला पुरत नाही. म्हणून जुनीच वाट धरायची ठरली. १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची नळी अशीच बांधली होती. चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधून आत शिरायचं आणि नळीमागून रेशमी दोरा घ्यायचा. यात मागची बाजू दिसत नाही आणि तिथे नळी फाटली तर पिल्लू हातातच जातं. सर्जननी गाठ आवळायच्या आधी मला बोट ठेवू दिलं. थरथर होती. गाठ हळूहळू बसत गेली आणि बोटाखालची थरथर बारीक झाली, मग नाहीशी झाली. मॉनिटरवर ठोके झर्रकन उतरले.

ही नळी का मिटत नाही, त्याचं उत्तर जुनं आहे. फिलाडेल्फियात डोनाल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूडल कुत्र्यांवर काम करून दाखवलं की दोष वंशातून येतो आणि नळीच्या भिंतीत आवळणारा स्नायूच कमी असतो. हे कळून पन्नास वर्षं होऊन गेली. तरी आमच्याकडे अशी पिल्लं झालेल्या मादीलाच पुन्हा नर दाखवतात. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. माझ्या टेबलावर पस्तीस दिवसांची येतात, सोबत ‘फिट’ लिहिलेला कागद. तो लिहिणाऱ्यांनी पिल्लाला हात लावलेला नसतो, हे मी शपथेवर सांगेन. आणि काही तरुण डॉक्टर आता हात न लावताच इको लिहून देतात. तेही मला पटत नाही. इकोचे पैसे प्रत्येकाकडे नसतात, दोन बोटं प्रत्येकाकडे असतात.

छकुलीच्या वेतात चार पिल्लं होती. ज्याच्याकडून बाईंनी तिला घेतलं, त्याला मी तीनदा फोन केला. बाकीची तीन कुणाला दिली ते तो सांगत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास साताऱ्यात कुणी पांढरं पॉमेरियन पिल्लू घेतलं असेल, तर कृपा करून त्याला जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे न्या आणि डाव्या काखेत स्टेथो लावायला सांगा. माझ्याकडे आणलंत तर फी नाही.