हेडली ग्रेंजचा जिना

गाण्याची तबकडी घरीं आली, कीं आपण प्रथम गायकाचें नांव पाहतों, फार तर साथीदारांचीं. ती तबकडी घडविणारा, ज्यास इंग्रज लोक 'प्रोड्यूसर' म्हणतात, त्याचें नांव वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाहीं. त्याचें काम समजून घ्यावयाचें तर स्टुडिओपेक्षां एक जुनें घर पाहावें, असें आमच्या मनानें घेतलें, आणि लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर आम्हीं हॅम्पशायरांतील लिपहुकची गाडी धरली.

तेथून हेडली गांव कांहीं मैलांवर आहे. हेडली ग्रेंज ही तीन मजली दगडी इमारत आज खाजगी निवासस्थान असल्यामुळें तिचें दर्शन रस्त्यावरूनच घ्यावें लागतें. ती १७९५ सालीं हेडली, ब्रॅमशॉट व किंग्स्ली या गांवांच्या गरिबांसाठीं बांधली गेली. गरिबांसाठीं म्हणजे आपल्याकडील धर्मशाळा नव्हे. निराश्रितांस अन्न घालून त्यांजकडून काम करवून घेणारें हें 'वर्कहाउस'. १८३० च्या नोव्हेंबरांत संतापलेल्या शेतमजुरांनीं त्यावर हल्ला करून नासधूस केली. पुढें त्याचें राहतें घर झालें.

या घरांत १९७१ च्या आरंभीं लेड झेपेलिन ही चौघांची मंडळी राहावयास आली. त्यांचें संगीत जड, कर्कश रॉकचें. घरांतील वडील माणसांस तो निव्वळ गोंगाट वाटेल, आणि त्यांचा आम्हांस राग येणार नाहीं. मंडळींतील गिटारवादक जिमी पेज हेच तबकडीचे निर्माते. बाहेर ध्वनिमुद्रणयंत्रांनीं भरलेली मोटार उभी होती व तिच्या तारा घरांत आणल्या होत्या.

त्या काळीं स्टुडिओंत ड्रम बहुधा बंदिस्त, मऊ भिंतींच्या खोलींत ठेवून मायक्रोफोन अगदीं जवळ आणीत. तसें केलें म्हणजे काठीचा घाव तेवढा ऐकूं येतो, आजूबाजूची जागा ऐकूं येत नाहीं. गाद्यागिरद्यांच्या खोलींत म्हटलेलें स्तोत्र आणि देवळाच्या गाभाऱ्यांत म्हटलेलें स्तोत्र यांतील फरक ज्यानें अनुभवला आहे, त्यास अधिक सांगणें नको. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. भिंतीवरून परतणारा नाद मूळ घावाच्या मागोमाग क्षणार्धानें येतो, आणि त्या अंतरावरूनच कानास जागेची खोली कळते. पेज व ध्वनियंत्रज्ञ अँडी जॉन्स यांनीं जॉन बॉनहॅम यांचे ड्रम उंच जिन्याखालच्या दिवाणखान्यांत मांडले आणि दोन मायक्रोफोन जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून खालीं लोंबत सोडले. ही युक्ति दोघांच्याही नांवें सांगितली जाते. आम्हांस त्या वादांत शिरावयाचें नाहीं. मग मोठा आवाज दाबून बारीक आवाज उचलणाऱ्या यंत्रानें तो घुमारा फुगविला, त्यास प्रतिध्वनीच्या यंत्राची जोड दिली, आणि सबंध गीत किंचित् मंद गतीनें फिरविलें, म्हणून प्रत्येक घाव अधिकच जड झाला. आम्हांस यांतील पहिला निर्णयच खरा वाटतो: वाद्य हलविणें. बाकीचीं कामें यंत्रें करूं शकतात. जिन्याखालीं कान लावून उभें राहण्याचें काम मनुष्याचें.

गीत होतें 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. तें मूळचें अमेरिकेंतलें; १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर, १९२९ सालीं, मेम्फिस मिनी व तिचा पति कॅन्सस जो मॅक्कॉय यांनीं ध्वनिमुद्रित केलेलें. त्या पुरांत लाखों लोक बेघर झाले, आणि कृष्णवर्णीय मजुरांस वेठीस धरून बांधांवर राबविलें गेलें. राबणाऱ्यांचें तें गाऱ्हाणें राबविणाऱ्या घराच्या जिन्यांत घुमलें.

ती तबकडी १९७१ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाली. तीवर रचनाकार म्हणून त्या चौघांच्या जोडीस मेम्फिस मिनीचें नांव आहे. १९२९ सालीं तें प्रत्यक्ष गाणाऱ्या जो मॅक्कॉयचें नाहीं. निर्माता म्हणून जिमी पेज हें नांव मात्र स्पष्ट छापलेलें आहे.