गळ्यातला ताईत

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले ते २० मे २०२५ रोजी, पुण्यात. बंगळुरूतल्या आम्हा काही मराठी मंडळींनी श्रद्धांजलीची छोटी सभा ठरवली आणि दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. येणारच होतं. मल्लेश्वरमला तीस वर्षं काढूनही मी कोल्हापूरचाच, आणि नारळीकरांचा जन्मही कोल्हापूरचा. हे मी चारचौघांत इतक्यांदा सांगितलंय की ऐकणाऱ्याला आम्ही एका गल्लीतले वाटावं. ते वाढले बनारसला, ही गोष्ट मी सहसा गाळायचो.

भाषण एका रात्रीत लिहून झालं. पाश्चात्त्य म्हणतात, विश्व एका स्फोटातून जन्मलं आणि एक दिवस विझून जाणार. आपल्या नारळीकरांनी सिद्ध केलं की विश्वाला आदि नाही, अंत नाही. आणि आपल्या पुराणांनी ब्रह्मदेवाच्या दिवसाचा हिशोब केव्हाच मांडून ठेवलाय! टाळ्या कुठे पडणार तेही मला ठाऊक होतं.

भाची इथेच भौतिकशास्त्र शिकते. तिला कौतुकाने वाचून दाखवलं. पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत ती ऐकत होती.

"मामा, सिद्ध केलं म्हणजे कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आडनाव होतं.

मग मी चिडलो. तुमच्या पिढीला आपल्या माणसांची किंमत नाही, वगैरे. ती काही बोलली नाही. ताटली धुऊन ठेवली आणि गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. वादानंतर मला झोप लागते. त्या रात्री लागली नाही.

मी बँकेत लेखापरीक्षणाला होतो. एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून शाखेला रात्री आठपर्यंत बसवून ठेवलेला माणूस. उठलो आणि स्वतःचं भाषण तपासायला घेतलं. आदि-अंत नसलेल्या 'स्थिर-स्थिती' विश्वाची कल्पना १९४८ची; हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांची. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइलचे विद्यार्थी. म्हणजे 'पाश्चात्त्य विरुद्ध आपले' ही जमाखर्चाची पहिलीच ओळ खोटी. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या आकाशातून येणारी मंद ऊब सापडली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. तरी हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली सुधारून नवं प्रारूप मांडलं: विश्व एकंदरीत प्रसरण पावतं, पण त्यात साधारण पन्नास अब्ज वर्षांची आवर्तनं येतात. ते फारसं स्वीकारलं गेलं नाही. ब्रह्मदेवाचा दिवस ४.३२ अब्ज वर्षांचा. पन्नास आणि ४.३२! दहापटीहून मोठी तफावत मी 'जवळपास तेच' असं लिहून मिटवली होती. एखाद्या कारकुनाने असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

का केलं असेल? अभिमान म्हणून, असं मी आधी स्वतःला सांगितलं. तेही अर्धंच खरं. १९९८ साली बाबा गेले. त्याच वर्षी दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, उलट वाढतंय. त्याचा शेवट काय, तर दीर्घिका एकमेकींच्या नजरेआड जाणार, तारे एकेक करून विझणार आणि थंड काळोख उरणार. बाबांची खोली आम्ही नुकतीच रिकामी केली होती. मला तो शेवट नको होता. मग ज्यांच्या विश्वाला शेवट नाही त्यांना मी धरून बसलो. त्यांची गणितं एकदाही न वाचता.

पहाटे शोधता शोधता 'करंट सायन्स'मधला २००९चा एक लेख पुढ्यात आला. हे नियतकालिक माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरून, सदाशिवनगरातून निघतं; तरी लेख वाचला तो सोळा वर्षांनी. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येकाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी इतकी आली असती.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. ज्या माणसाने लोकांचे ताईत असे उघडून, मोजून बघितले, त्यालाच मी ताईत करून गळ्यात बांधलं होतं. आत काय आहे ते कधी बघितलंच नाही. कारण उघडला की ताईत राहत नाही, हे मला आतून माहीत असणार.

सकाळी भाचीला फोन केला. माफी मागायला जमलं नाही, "ते प्रसरण वाढवणाऱ्या डार्क एनर्जीचं आता काय म्हणतात गं?" एवढंच विचारलं. तिने अर्धा तास सांगितलं. २०२४ आणि २०२५च्या मोजणीत ती कृष्ण ऊर्जा काळागणिक क्षीण होत असावी अशी चिन्हं दिसली आहेत. अजून पक्कं नाही. तसं असेल तर शेवटाचं चित्रही बदलेल. "कसं बदलेल?" "ते मोजल्यावर कळेल, मामा."

सभेत चार मिनिटं बोललो. त्यांचं प्रारूप बहुतेकांनी मानलं नाही हे सांगितलं, कुंडल्यांची गोष्ट सांगितली, बनारसही सांगितलं. चहाच्या वेळी एक जुने स्नेही जवळ आले. "छान झालं. पण ते पुराणांचं राहिलं की हो!"

"राहू दे," म्हटलं आणि त्यांच्या कपात साखर घातली. त्यांना मधुमेह आहे हे नंतर आठवलं.