सारथ्याची विद्या : माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून एक फेरी

इंग्लंडच्या पश्चिम भागांत वूस्टरशायर व हेरफर्डशायर या दोन परगण्यांच्या सीमेवर माल्व्हर्न नांवाची टेकड्यांची एक रांग दक्षिणोत्तर पसरली आहे. लांबी सारी आठ-नऊ मैल आणि सर्वांत उंच शिखर अवघें ४२५ मीटर; सह्याद्रीच्या माणसानें त्यास डोंगर म्हणावें कीं नाहीं हा प्रश्नच आहे. परंतु पूर्वेकडील प्रदेश ताटासारखा सपाट असल्यामुळें ही रांग दुरूनहि डोळ्यांत भरते. येथील खडक इंग्लंडांतील अतिप्राचीन खडकांपैकीं असून त्यांतून झिरपणाऱ्या निर्मळ पाण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत दूरदूरचे रोगी जलोपचारास येत. झरे अद्याप वाहतात. ते रोगी मात्र गेले. त्यांच्या मागून निराळ्याच प्रकारचे यात्रेकरू येऊं लागले, व त्यांचें दैवत पिकर्स्ले रोडवरील विटांच्या साध्या इमारतींत राहतें.

हें दैवत म्हणजे मॉर्गन मोटारींचा कारखाना. त्याचा संस्थापक हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. त्यानें १९०९ सालीं आपली पहिली तीनचाकी गाडी सिद्ध केली ती माल्व्हर्न कॉलेज या शाळेच्या कर्मशाळेंत, आणि तीहि अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांच्या साहाय्यानें. मोटारीच्या इतिहासांत एका मास्तरांचें नांव सांपडावें याचा आम्हांस जो आनंद झाला तो वाचक क्षम्य मानतील. चारचाकी गाडी १९३६ सालीं निघाली. चार चाकें व चार सिलिंडर म्हणून तिचें नांव ‘फोर-फोर’.

कारखाना पाहावयास मिळतो. आंत शिरतांच नाकांत तेलाचा वास न येतां ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास येतो. गाडीचा तळचा सांगाडा लाकडाचा असतो ही लोकांतील समजूत खोटी, तो धातूचाच. परंतु वरील अंगाची चौकट आजहि ॲश वृक्षाच्या लाकडाची करतात. मागील चाकावरची कमान करतांना पातळ पट्ट्या सरसानें एकमेकींस चिकटवून साच्यांत आवळून ठेवितात, आणि सुतार हातानें कंगोरे तासतो. १९९० सालीं सर जॉन हार्वे-जोन्स या नामांकित उद्योगपतींनीं बी. बी. सी.च्या एका कार्यक्रमांत या मंडळींना रीत बदलून उत्पादन वाढविण्याचा उपदेश केला. गिऱ्हाइकांना कित्येक वर्षें वाट पाहावी लागे, हें त्यांचें म्हणणें खरेंच होतें. मालकांनीं तें ऐकून घेतलें आणि बहुतांशीं आपलाच क्रम चालू ठेवला. पुढें २०१९ सालीं कंपनीची बहुतेक मालकी एका इटालियन गुंतवणूकदार मंडळीकडे गेली, आणि २०२० सालीं जुना पोलादी सांगाडा बंद होऊन सर्व चारचाकी गाड्या ॲल्युमिनियमच्या नव्या सांगाड्यावर येऊं लागल्या.

आमचें येथें येणें केवळ प्रेक्षणार्थ नव्हतें. आमचा पुतण्या बर्मिंगहॅमला अभियंता आहे. त्याच्याजवळ १९७० नंतरच्या दशकांतील एक ‘फोर-फोर’ आहे. निघतांना वहिनींनीं आम्हांस बजावून सांगितलें होतें, “भावजी, त्याला ती गाडी विकायला सांगा. दोन माणसं जेमतेम बसतात, छप्पर गळतं, आणि पैसा नुसता जातो.” त्यांत त्याच्या घरीं दुसराच वाद पेटला होता. नात सतरा वर्षांची झाली, गाडी चालविण्याची परीक्षा द्यावयाची. तेथें आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्याच प्रकारच्या गाड्यांचा मिळतो. हातानें गियर बदलून दिली तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवितां येतात. मुलीला पहिली वाट हवी होती, बापाला दुसरी. आणि निवाडा, वयोमानानें, आमच्याकडे आला.

तेव्हां एका सकाळीं आम्ही पुतण्याच्या शेजारीं त्या जुन्या गाडींत बसलों; सूनबाई व नात आपली विजेची गाडी घेऊन मागून निघाल्या. बैठक इतकी खालीं कीं दारावरून हात सोडला तर रस्ता हातास लागेल असें वाटावें. ग्रेट माल्व्हर्नमधून चढ चढत वाइच नांवाच्या खिंडींतून आम्ही पश्चिम अंगास उतरलों. तेथून जुबिली ड्राइव्ह हा रस्ता टेकडीच्या कमरेवरून जातो. डावीकडे झाडी, उजवीकडे हेरफर्डशायरचीं हिरवीं शेतें. गाडीचा वेग ताशीं चाळीस मैलांच्या वर क्वचितच गेला असेल. परंतु गाडी सारी सातशें किलोंच्या आसपास, टायर अरुंद, स्प्रिंगा कडक. खडा कोणत्या चाकाखालीं आला हें पाठीच्या कण्यास कळे. स्टिअरिंगला किंवा ब्रेकला जोर पुरविणारें यंत्र नाहीं. वळणांत पुढचीं चाकें जड झालीं कीं तो जडपणा तसाच चालकाच्या मनगटांत येतो, आणि ओल्या पानांवरून जातांना तो एकदम हलका होतो. त्या हलकेपणानें पुतण्या सावध होतांना आम्हीं पाहिला, डोळ्यांना तेथें कांहींच दिसत नसतांना.

उतारावर खालचा गियर घालतांना तो उजव्या पायाचा पुढील भाग ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेनें ॲक्सिलरेटरला क्षणभर स्पर्श करी. इंजिनाचा वेग चाकांच्या वेगाशीं जुळला कीं गियर लोण्यांत सुरी शिरावी तसा बसतो. न जुळला तर गाडी हिसका देते. आमच्या लहानपणीं कशेडी घाटांत एस. टी.चे चालक दोनदां क्लच दाबून, मध्यें इंजिन गुरगुरवून गियर घालीत, तीच ही विद्या. तेव्हां तिला कोणी विद्या म्हटलें नाहीं इतकेंच.

अशा गाड्यांना हल्लीं ‘ॲनालॉग’ म्हणतात. कांट्याचें घड्याळ आणि आंकड्यांचें घड्याळ यांतला जो भेद, तो येथें लावावा. जुन्या गाडींत पाय दाबला कीं तार ओढली जाते आणि इंजिनाची झडप उघडते. नव्या गाडींत पाय केवळ अर्ज करतो आणि संगणक विचार करून तो मंजूर करतो. हा बदल चालकांना कळत नाहीं असें नाहीं. पोर्शच्या ९११ गाडीचें स्टिअरिंग २०११ सालच्या नव्या आवृत्तींत विजेवर गेलें तेव्हां जाणत्यांनीं कुरकुर केली. त्यांपैकीं जीटी-३ ही चपळ गाडी २०१३ सालीं हातगियरावांचूनच आली. लोकांची मागणी एवढी कीं २०१६ सालीं ९११-आर या मोजक्या गाड्यांत आणि २०१७ सालीं खुद्द जीटी-३ मध्यें कंपनीला हातगियर पुनः द्यावा लागला. जपानच्या माझ्दानें तर १९८९ सालीं एमएक्स-५ ही लहान उघडी गाडी घोडा व स्वार एकरूप व्हावे या कल्पनेवरच बेतली, आणि पुढें तिच्या दहा लाखांवर प्रती निघाल्या. खुद्द मॉर्गनची स्थिति मात्र मिश्र राहिली : २०१९ ची ‘प्लस सिक्स’ केवळ आपोआप गियरची, २०२० ची ‘प्लस फोर’ दोन्ही प्रकारची.

जुन्या गाडीचा आम्ही आंधळा कैवार घेत नाहीं. चाकें न घसरतां थांबविणारा नवा ब्रेक, अपघातांत फुगणारी उशी, यांनीं माणसें वांचतात. जुलै २०२४ पासून युरोपीय संघांत नव्या मोटारींना वेगमर्यादेची सूचना देणारें साधन सक्तीचें झालें, त्यांतहि आम्हांस वावगें दिसत नाहीं. तक्रार इतकीच कीं नवी वेगवान गाडी ताशीं ऐंशी मैलांवरहि चालकास निजवून ठेवते, आणि तिची खरी परीक्षा पाहावयाची तर कायदा मोडावा लागतो. ही जुनी चाळीस मैलांवरच बोलूं लागते.

नळराजाची कथा येथें आठवल्यावांचून राहात नाहीं. बाहुकाच्या वेषांत तो ऋतुपर्णास अयोध्येहून आपल्या विदर्भास एका दिवसांत घेऊन निघाला. वाटेंत ऋतुपर्णाचें उपरणें उडालें, आणि ‘थांब’ म्हणेपर्यंत तें योजनभर मागें राहिलें होतें. पण आम्हांस त्या वेगापेक्षां पुढील भाग मोठा वाटतो : रथाचा घरघराट ऐकूनच दमयंतीनें ओळखलें कीं लगाम कोणाच्या हातीं आहेत. सूनबाईंची विजेची गाडी आमच्या मागून येत होती ती निःशब्द. ती त्यांच्या हातीं आहे कीं नातीच्या, हें दमयंतीलाहि सांगतां आलें नसतें.

ब्रिटिश कॅम्प या प्राचीन किल्ल्याच्या पायथ्याशीं गाड्या उभ्या केल्या. नात म्हणाली, “आजोबा, पुढं सगळ्या गाड्या विजेच्याच होणार. त्यांना गियरच नसतात. मग नसलेल्या वस्तूची परीक्षा कशाला द्यायची?” हाच प्रश्न आम्ही वर्गांत संस्कृतासंबंधानें वर्षानुवर्षें ऐकला आहे, आमचें त्यावरील उत्तर मुलांना फारसें पटल्याचें स्मरत नाहीं. म्हणून उत्तर न देतां आम्हीं उतरून आमची जागा तिला दिली. रिकाम्या वाहनतळावर बाप क्लच दाबी आणि ती डावीकडे बसून उजव्या हातानें गियर टाकी. पहिल्यानें दोन वेळां दांत करकरले. तिसऱ्या खेपेस आवाज झाला नाहीं, तेव्हां तिनें बापाकडे न पाहतां गियरच्या दांडीकडेच पाहिलें, आणि “पुन्हा” म्हणाली.

तेथून लेडबरीला जाऊन लाकडी खांबांवर उभें असलेलें जुनें बाजारघर पाहिलें व चहा घेतला. वहिनींचा निरोप आम्हीं तेथेंच अक्षरशः पोंचविला. पुतण्या म्हणाला, “काका, छप्पर नवं घालतो, असं आईला सांगा.” नातीचा अर्ज कोणत्या गाडीसाठीं गेला हें हा लेख लिहीपर्यंत आम्हांस कळलेलें नाहीं.

ज्यांचीं मुलेंबाळें इंग्लंडांत आहेत त्यांनीं लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ग्रेट माल्व्हर्नची आगगाडी धरावी. स्थानकाच्या लोखंडी खांबांवरील रंगीत पानांचें नक्षीकाम पाहावयास विसरूं नये; आणि उघड्या मोटारींत बसणें झाल्यास कानाला मफलर गुंडाळावा, वारा उन्हाळ्यांतहि बोचरा असतो.